आधी हात, मग चेहरा

प्रयोग संपल्यावर आत जाऊन नटांना भेटायची आपली जुनी सवय. मीही बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मेकअपच्या खोलीबाहेर रांगेत उभी होते. आत नायिका खुर्चीत बसली होती. ती येणाऱ्याचे आधी हात बघत होती, मग चेहरा.

दाराशी तिचे कपडे सांभाळणाऱ्या मावशी होत्या. माझा डबा काढून घेत त्या म्हणाल्या, "एक जण दर प्रयोगाला गजरा आणायचा. एकदा ही घरी कुलूप उघडून आत गेली, तर तो सोफ्यावर बसलेला. तेव्हापासून असंच."

उद्या इस्त्रीला काय द्यायचंय, ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. डबा टेबलाखाली, तसल्याच न उघडलेल्या डब्यांत गेला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तोही याच रांगेत उभा राहिला असणार, माझ्यासारखाच कौतुकाचं वाक्य मनात घोकत.

माझी पाळी आली. तिची नजर खाली गेली आणि मी दोन्ही तळवे उघडून तिच्यापुढे धरले.

"थँक यू हं," ती म्हणाली.

नाटकाबद्दल बोलायचं राहूनच गेलं.