तेल लावलेला दगड

आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणारे ट्रॅपसर लोकांच्या उल्का नाकारण्यासाठी प्रसिद्ध होते. नागपूरच्या रामदासपेठेत पत्ता विचारला तर पानठेलेवालाही सांगायचा, "दगडवाले सर ना? निळं गेट." वर्तमानपत्रात कुठे उल्का पडल्याची बातमी आली की पुढचे पंधरा दिवस आमच्या जिन्यावर अनोळखी चपला दिसायच्या. कोणी दुपट्ट्यात बांधून, कोणी शाळेच्या दप्तरात घालून दगड आणायचं. सर दगड हातात घ्यायचे, खिडकीशी न्यायचे, भिंगातून पाहायचे, आणि म्हणायचे, "दगड चांगला आहे. पण इथलाच आहे."

ते भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आपल्याकडच्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसॉल्टला, त्यांच्या विषयात ट्रॅप म्हणतात. त्यावर त्यांनी इतकी वर्षं शिकवलं की विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव गल्लीनंही उचललं. लोक आणत त्यातले बहुतेक दगड म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, काही लोहखनिज, आणि उरलेला आपला ट्रॅप. एकदा एका बाईंनी शेतात सापडलेला मोठा गोल धोंडा रिक्षातून आणला. सरांनी पाहिलं, तर जुन्या जात्याची तळी होती. बाई गेल्यावर मी हसलो. सर म्हणाले, "माणूस मांडीवर दगड घेऊन इतक्या लांब येतो. त्याला हसू नये. त्याला सरळ नाही म्हणावं आणि चहा पाजावा." नकार दिलेल्या प्रत्येकाला त्यांनी चहा पाजला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

स्वतः मात्र ते चहाचे दोन घोटच घेत. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा धंतोलीत डायलिसिस. दिवसाला पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं आणि त्यासाठी एक लहान तांब्या वेगळा ठेवला होता. आंघोळीपुरता सोडला तर पाण्याशी संबंध संपला, असं ते म्हणत. पत्नी आधीच गेलेल्या, पुतण्या बंगळुरूला. धंतोलीला न्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेब पाहतो. सकाळी सरांना सोडायचं, वाडीला जायचं, दुपारी परत घ्यायला यायचं. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, लिफ्टसमोर स्ट्रेचरची रांग असते. घरी आल्यावर दोन मजले चढताना सर प्रत्येक वळणावर थांबत. मीही थांबे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांच्याइतकंच दमायला होत असे. ते ओळखून ते म्हणत, "हिशेबवाले, मला आणता आणता तुमचंच एखादं खातं बंद पडायचं."

सुखदेवभाऊंना त्यांच्याकडे मीच नेलं. सुखदेवभाऊ आमच्या गोदामाचे चौकीदार, मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. मे महिन्यातली दुपार. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत झोपलेले, मी जेवायला घरी. मोठा आवाज झाला. अमरावती रोडला उन्हाळ्यात टायर फुटतातच, म्हणून कोणी मान वर केली नाही. सुखदेवभाऊ आत गेले तेव्हा छताच्या पत्र्याला भोक पडलं होतं आणि खाली फुटलेल्या टाइल्सच्या खोक्यात मुठीपेक्षा थोडा मोठा काळा दगड होता. तो ते आपल्या खोलीवर घेऊन गेले.

शेठचा विश्वास बसला नाही. "आसमानसे? सोये थे दोपहर में, लड़के छत पर चढ़े होंगे." सुखदेवभाऊ म्हणाले, "मी डबा खाऊन राहिलो होतो शेठ, झोपून नाई. काहून खोटं बोलू?" शेठ माझ्याकडे वळून म्हणाला, कोणी जाणकार लिहून देत असेल तर मानतो. म्हणून रविवारी आम्ही सरांकडे गेलो.

सर आदल्या दिवसाच्या डायलिसिसनं गळून गेले होते. त्या आठवड्यात जिन्यावर बऱ्याच चपला येऊन गेल्या होत्या. त्यांनी दगड हातात घेतला. तो चकाकत होता, एखाद्या वार्निश केलेल्या वस्तूसारखा. सरांनी तो नाकाजवळ नेला.

"तेल लावलंय याला?"

"हो सर," सुखदेवभाऊ म्हणाले. "आमच्या मंडळीनं लावलं. तेल अन् शेंदूर. वरून आला म्हणे, तं देवच हाय. तुमाले दाखवाचा म्हणून आज शेंदूर पुसला."

सरांनी दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक जवळ धरलं. ते हललं नाही. एका फुटलेल्या कोपऱ्यात आतला रंग करडा, बारीक दाण्यांचा. त्यांनी भिंग ठेवून दिलं.

"दगड चांगला आहे भाऊ. पण इथलाच आहे. ट्रॅप आहे. तेलानं चमकतोय. रस्त्याच्या गिट्टीतला असेल."

"गिट्टी वरतून पडते का सर?"

"ट्रकच्या चाकाखालून उडते."

"पत्र्याच्या वर?"

सरांनी आत हाक मारून चहा सांगितला. चहा आला. सुखदेवभाऊंनी कपाला हात लावला नाही. "राहू द्या मंग तुमच्याचपाशी," म्हणाले आणि दगड तिथेच ठेवून जिना उतरले. सरांचा चहा नाकारून गेलेला मला आठवतो तो हा एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी शेठनं त्यांना काढलं. ते उमरेडला भावाकडे गेले. त्यांची मुलगी उमरेडलाच दिलेली. पुढे कळलं ते असं, की वाडीहून बातमी पोचेपर्यंत दुपारची झोप मागे पडली होती आणि पत्रा उचकटून माल चोरला हे पुढे आलं होतं. व्याह्यांनी मुलीला माहेरी पाठवणं बंद केलं. राखीला नाही, पोळ्याची तर गोष्टच नको. दोन गल्ल्या सोडून माहेर, पण तिचा पाय तिकडे पडला नाही. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "व्याही काय म्हणतात?" मी म्हणालो, "म्हणतात, मोठ्या प्रोफेसरानं सांगितलं, दगड साधा होता." सरांनी समोरचा चहाचा कप बाजूला सारला. पण मत बदलायला तेव्हा त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि वाईट वाटलं म्हणून मत बदलणारा तो माणूस नव्हता.

दगड त्यांच्या गॅलरीत कुंडीच्या टेकणीला पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या बाईंनी तो भांड्याच्या साबणानं घासून उन्हात ठेवला. संध्याकाळी सरांनी मला वर बोलावलं. दगड टेबलावर होता.

"हात लावा. तेल आहे?"

नव्हतं. बोट कोरडं राहिलं. दगड तसाच चमकत होता.

"चमक तेलाची नव्हती," सर म्हणाले. "वातावरणातून येताना वरचा पातळ थर वितळून काच झाला. मी वास घेतला आणि डोळे मिटले. उल्का म्हटली की लोखंड, हे मी सगळ्यांना सांगत आलो, म्हणून चुंबकावर भरवसा ठेवला. आणि आतून ट्रॅपसारखा दिसतो कारण तो ट्रॅपच आहे. फक्त इथला नाही."

त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तुकडा पाठवला. कापून, घासून, कागदाहून पातळ चकती करून तपासणी झाली. उत्तर यायला महिने लागले. त्या काळात त्यांची तब्येत दोनदा ढासळली, पण धंतोलीच्या पलंगावरही ते फोन उशाशी ठेवत. उत्तर आलं, युक्राइट. फार थोड्या उल्का या जातीच्या असतात. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. यातली मुख्य खनिजं दोन, पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार, आपल्या ट्रॅपमध्येही तीच. पण यातल्या पायरॉक्सिनमधलं लोखंड आणि मँगनीज यांचं प्रमाण वेगळं, फेल्डस्पारमध्ये सोडियम अगदी थोडं, ऑक्सिजनचे प्रकारही पृथ्वीच्या मापात बसत नाहीत. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये व्हेस्टा नावाचा लघुग्रह आहे. त्याच्यावरून परतणारा उजेड आणि अशा दगडावरून परतणारा उजेड जुळतो. तिथे लाव्हा वाहिला, थिजला, पुढे कशाची तरी मोठी धडक बसून तुकडे उडाले. मी आकडे विचारले. आपला ट्रॅप साडेसहा कोटी वर्षांचा, हा साडेचारशे कोटींच्या वरचा. सुमारे सत्तर पट.

"आणि एक," सर म्हणाले. "आपल्या ट्रॅपमध्ये कुठे ना कुठे पाणी मुरल्याची खूण सापडते. याला पाण्यानं बदललेलंच नाही."

त्यांनी शेठला पत्र लिहिलं. शेठनं वाचून कामावर परत घ्यायची तयारी दाखवली. मी फोन केला तर सुखदेवभाऊ म्हणाले, "नोकरी राहू द्या साहेब. इकडं जमलं आता काईतरी. फक्त सरले म्हणा, हे आमच्या व्याह्याले सांगता का."

"पत्र पाठवू," मी सरांना म्हणालो.

"पत्रावर कोण विश्वास ठेवतो? माझा नकार त्यांच्यापर्यंत तोंडोतोंडी गेला. होकारही तोंडी ऐकवला पाहिजे."

डायलिसिसनंतरचा एक दिवस सोडून, जरा बरं असतं तेव्हा, आम्ही उमरेडला गेलो. एप्रिल होता. गाडीत सर डोळे मिटून पडले होते. बायपासचं काम चालू होतं, धुळीनं काचा लावून घेतल्या, तर आत गुदमरायला लागलं. सुखदेवभाऊ चौकात उभे होते. सरांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, मी चुकलो. दगड वरूनच आला होता."

सुखदेवभाऊंनी दार धरून त्यांना उतरवून घेतलं. "मले तं तवाच माहीत होतं ना सर. तुमाले माहीत व्हाचं होतं."

व्याही अंगणात खाटेवर बसले होते. उठले, आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या. सुखदेवभाऊ उभेच राहिले, कोणी बस म्हटलं नाही. सरांनी सगळं सांगितलं. व्हेस्टाचा व्यास किती, तर नागपूरहून हैदराबादला जाण्याएवढा, असं सांगितलं. खनिजं सांगितली, तेलाची गोष्ट सांगितली. मध्ये दोनदा दम घेतला. आतल्या दारात एक पदर दिसत होता. ती मुलगी असावी.

व्याही शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, तुमी मोठे मानूस. पन मागच्या टायमाले तुमीच म्हटलं, दगड साधा हाय. आता म्हणता, आभाळातला हाय. आमी कोणतं धरावं?"

मला राग आला. सरांना आला नाही. ते म्हणाले, "रास्त आहे तुमचं. तेव्हा मी नुसतं पाहून बोललो. आता कापून पाहिलंय, आणि माझ्याशिवाय आणखी दोघांनी पाहिलंय. आणि असं बघा, बरोबर असतो तर मी घरीच बसलो असतो. मी चुकलो होतो एवढं सांगायलाच इथवर आलो. या माणसानं जे पाहिलं तेच सांगितलं होतं. खोटं ठरला तो माझ्या बोलण्यानं."

व्याह्यांनी सरांच्या हाताकडे पाहिलं. डायलिसिसच्या सुयांनी तो जागोजाग फुगलेला होता. मग आत बघून म्हणाले, "चहा मांड वं. चार कप." आणि खाटेवर सरकून सुखदेवभाऊंना म्हणाले, "बसा ना गा, उभे काहून?"

चहा पितळी पेल्यांतून आला, काठोकाठ. मी सरांना खूण केली, दोन घोटच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पूर्ण पेला प्यायले. सुखदेवभाऊही प्यायले. परतीच्या वाटेत मी कुरकुरलो तेव्हा सर म्हणाले, "त्या घरात आज पेला अर्धा ठेवून चाललं नसतं." पुढच्या खेपेला धंतोलीत वजन वाढलेलं निघालं, टेक्निशियन रागावली, सरांनी निमूट ऐकून घेतलं.

दगड नियमाप्रमाणे सरकारी खात्याकडे गेला. सर आषाढात गेले, एका डायलिसिसनंतर, जिन्याच्या पहिल्याच वळणावर, माझ्या खांद्याला टेकून. मला आधी वाटलं, ते नेहमीसारखे दम घेत आहेत.

पुतण्या विमानानं आला. त्याला इथलं कोणी माहीत नव्हतं. मोक्षधामावर जमलेल्यांची ओळख मीच करून देत होतो. सुखदेवभाऊ आले ते एकटे नव्हते. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच पुतण्याला नमस्कार केला आणि शेजारच्या माणसाकडे हात करून सांगितलं, "हे आमचे व्याही. पोरगी चार दिवस आमच्याकडं आली हाय. तिले सोडाले आले होते, तं म्हणाले, मीही येतो."