‘गेली’ म्हणेपर्यंत

काचवालीचा डावा कान नवऱ्याने घालवला. दार उघडायला जरा उशीर झाला, म्हणून कानाखाली अशी वाजवली की आत काहीतरी फाटलं आणि सकाळी उशी रक्ताने चिकटली होती. त्यानंतर त्या बाजूला कुणी ढोल बडवला तरी तिला पत्ता लागत नसे. नवऱ्याला कळलं तेव्हा तो हसून म्हणाला, “बरंच झालं, आता अर्ध्याच शिव्या ऐकशील.” असं ते रत्न! पुढे एकदा त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ती शुद्धीवर आली तेव्हा तो शेजारीच घोरत पडला होता. ती उठली, तोंड धुतलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली ती पडलीच.

लांबच्या एका शहरात तिला काचेच्या कारखान्यात काम मिळालं. आधी काचा पुसायचं, मग कडा घासायचं, मग गिऱ्हाईक सांभाळायचं. जीभ धारदार, हिशेब चोख, आणि भीती तर तिची केव्हाच मरून गेली होती. म्हाताऱ्या मालकाचे गुडघे गेले तेव्हा त्याने कारखाना तिच्याच हाती सोपवला. सगळे तिला ‘बाई’ म्हणायला लागले. फोटो मात्र तिने कधी कुणाला काढू दिला नाही. नवरा कुठेतरी जिवंत होता आणि तो शोधत असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या कारखान्यात एक रीत होती. मोठी काच उचलली की ज्याला ती येताना दिसेल त्याने ओरडायचं, “काच!” ओरडा ऐकला की जो जिथे असेल तिथेच थांबायचं. शिंक आली तरी गिळायची. काच पार झाली की ज्याने हाक दिली त्यानेच म्हणायचं, “गेली!” मग हलायचं. काच मध्येच फुटली तरी रीत तीच, कारण फुटल्यावर जो धावतो त्याच्याच अंगावर उरलेला तुकडा येतो. हिऱ्याने काच कापणारे हिराकाका तरुणपणी असेच ‘गेली’च्या आधी पुढे झाले होते. त्यांची दोन बोटं जमिनीवर पसरलेल्या भुशात पडली, आणि ती उचलायला वाकले तेव्हा त्यांनाच कळेना की आपण काय उचलतोय. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, हात नाकासमोर धरून.

धंदा वाढवायचा म्हणून बाईंनी वेबसाइट करायला घेतली आणि साइटवरच्या आवाजांचं काम एका माणसाला दिलं. तो कायम कानाला हेडफोन लावून फिरायचा, म्हणून कारखान्याने त्याचं नाव कानसेन ठेवलं. माणूस मात्र कामाचा होता हो! त्याने चांगली काच टिचकी मारून वाजवली, मग तडकलेली वाजवली आणि साइटवर दोन बटणं ठेवली. गिऱ्हाइकाने दोन्ही आवाज ऐकायचे आणि घरच्या खिडकीवर टिचकी मारून बघायची. लोकांना तो खेळ इतका आवडला की फोन खणखणायला लागले. आवाजाखाली सगळं लिहूनही ठेवायचं, हा त्याचा दंडक. “ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी काय करायचं, ताई?” हे ऐकून बाई पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाल्या.

“आता तुमचा आवाज हवा,” कानसेन म्हणाला. “नुसतं बोलायचं. चेहरा दिसणार नाही.”

बाईंनी खूप विचार केला. मग स्वतःशीच म्हणाल्या, आवाजाला काय तोंड असतं? आणि बोलल्या. काच कशी मोजावी, कशी उचलावी, फुटली तर काय करावं, अगदी समोर बसून सांगावं तसं. बोलता बोलता मागून काच आली तर त्यांनी सवयीने हाकही दिली. कानसेनने ती हाक कापली. “ऐकणारा दचकला की साइट बंद करतो. आणि बोलताना मध्ये जागा सोडायची नाही, तेवढ्यात गिऱ्हाईक पळतं.”

“अरे, ती हाक म्हणजे आमचा कारखाना आहे!”

“असेल. पण घरी बसलेल्या माणसाला तिचं काय काम?”

त्यात बाईंनी ऐकलं. दुसऱ्या गोष्टीत मात्र बिलकुल ऐकलं नाही. कानसेन म्हणत होता, आवाजाला बटण ठेवू, ज्याला हवं तो दाबेल. न विचारता कानात बोंबलणारा आवाज कुणालाच आवडत नाही. बाई म्हणाल्या, “गिऱ्हाईक दारात आलं की मी ‘या’ म्हणते की आधी परवानगी मागते? साइट उघडली की मी बोललेच पाहिजे.” झालं! साइट उघडली की बाई बोलायला लागल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरा आला भर दुपारी. कानसेन त्या दिवशी पॉलिशच्या मशीनचा आवाज घ्यायला आला होता. त्याचा माइक मागच्या दाराजवळ, काचा टेकवायच्या लाकडी घोडीला टांगलेला होता आणि रेकॉर्डर चालू होता. बाई टेबलाशी वाकून माप घेत होत्या. तो डाव्या बाजूने आला, म्हणून त्यांना ऐकूच आलं नाही. पहिला फटका पाठीत बसला, लोखंडी पट्टीचा. त्या टेबलावर आपटल्या, ओठ फुटला, एक दात जिभेवर आला. नवऱ्याने केस धरून त्यांचं तोंड वर ओढलं.

“ओळखलंस का? दुसऱ्याच्या दुकानात बसलो होतो मी. त्याने मोबाइल उघडला आणि तूच बोललीस. तीच ती टुरटुर! रोज ऐकतोय तेव्हापासून. पाठ झालंय सगळं!”

हिराकाका मध्ये पडले. पट्टी त्यांच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. कानसेनच्या पोटात लाथ बसली, तो घोडीखाली कोसळला. नवऱ्याने टेबलावरची पातळ काचेची लांब पट्टी उचलली. त्या काचेने स्वतःचाच तळहात चिरला गेला तरी त्याला शुद्ध नव्हती. ती त्याने बाईंच्या गळ्याला लावली. त्यांनी मान फिरवून त्याचा अंगठा दातात धरला आणि हाडापर्यंत चावला. केसांचा पुंजका त्याच्या मुठीत राहिला, पण बाई सुटल्या आणि मागच्या दाराकडे पळाल्या.

मागच्या दारातून नेमके लंबू आणि टिंगू हे दोघे कामगार शोरूमची मोठी काच घेऊन आत येत होते. मशीनच्या घरघरीत त्यांना काही कळलं नव्हतं. काच नवी, लख्ख पुसलेली, नसल्यासारखी. बाईंना ती दिसली, कारण त्यांना काच बघायची सवय होती. त्या भिंतीला अंग घासत बाजूने पलीकडे गेल्या आणि रक्ताने भरल्या तोंडाने ओरडल्या,

“काच!”

सगळे थांबले. लंबू-टिंगू पाय रोवून उभे राहिले. मोडका हात पोटाशी धरून बाईंच्या मागे निघालेले हिराकाका दारापाशी पोचले होते, ते तिथेच थिजले. जमिनीवर पडलेल्या कानसेननेही श्वास धरला. नवऱ्याला साइटवरचा शब्द न् शब्द पाठ होता, पण हा शब्द तिथे नव्हता. तो धावतच राहिला.

तो छातीपर्यंत काचेत गेला. मग वरचा अर्धा भाग सुटला आणि त्याच्या मानेवर आणि खांद्यावर उतरला. तो गुडघ्यांवर बसला. रक्त उसळ्या मारत टिंगूच्या पायांवर पडत होतं. नवऱ्याने बाईंकडे बघितलं. त्याच्या बोटांत त्यांचे केस अजून अडकलेले होते. त्याने हात पुढे केला, तोच हात. तो लहान पोरासारखा दिसत होता. मग तो आडवा झाला. लंबू-टिंगूच्या हातात उरलेला तुकडा थरथरायचा थांबला.

“गेली,” बाई म्हणाल्या.

सगळे धावले. कुणी शर्ट काढून मानेवर दाबला, कुणी फोन केला. काही उपयोग झाला नाही. तो तिथेच, भुशात, संपला.

पोलीस येऊन गेले. सगळ्यांनी एकच सांगितलं, तो स्वतःच काचेत धावला. ते खरंच होतं. बाईंचा ओठ शिवला गेला, हिराकाकांच्या हाताला प्लॅस्टर आलं. मग एक दिवस कानसेन कारखान्यात आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

“ताई, माइक चालूच होता. मी कुणालाही सांगितलेलं नाही. पुसून टाकू का?”

“आधी ऐकव.”

त्यांनी हेडफोन उजव्या कानाला लावला. मारहाण ऐकली, पापणी हलली नाही. मग स्वतःची हाक ऐकली, काच फुटलेली ऐकली. त्यानंतर मशीनचीच घरघर. घरघर चालूच राहिली. त्यांनी कानसेनकडे बघितलं.

“अडकलं का हे?”

“नाही ताई. चालू आहे.”

आणि मग हिराकाकांचा आवाज आला, अगदी जवळून. “बाई, म्हणा.” थोड्या वेळाने पुन्हा, “बाई, म्हणा ना. मरेल तो.” मग रडकुंडीला येऊन, “बाई, अहो गेली म्हणा!” कितीदा तरी. मध्ये नवऱ्याचं घशात गुरगुरणं, ते हळूहळू कमी होत गेलं. ते पूर्ण थांबल्यावर त्यांचा स्वतःचा आवाज आला, शांत, “गेली.”

बाईंनी हेडफोन काढला.

“काका कुठे उभे होते रे?”

“तुमच्या डाव्या हाताला.”

त्यांनी डाव्या कानावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “मला वाटलं मी लगेच म्हणाले,” त्या म्हणाल्या. “अगदी लगेच.” त्यांना रडू फुटलं, आणि नवरा मेला त्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं आलं.

डोळे पुसल्यावर त्यांनी आधी कामाचंच विचारलं. “साइटवर माझं बोलणं कुठून सुरू होतं?”

“‘या, बसा’पासून. काढून टाकू?”

“नको. राहू दे. पण आता बटण ठेव, ज्याला हवं तोच दाबेल. आणि सुरुवातीला हाक टाक, काच. दचकले तर दचकू देत.” त्या उठल्या, टेबलाला धरून क्षणभर थांबल्या. “आणि तिला लागून लगेच ‘गेली’ टाक. मध्ये जरासुद्धा जागा सोडू नकोस.”