केजातलं आरमार

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, आणि तो नेमका माझा साडू निघाला, हे माझं नशीब. युसूफ वडगाव या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले आणि केजात घर बांधून राहिले. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणतो. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, शेतीला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. सर एका विलायती मंत्र्याच्या मागे लागले. जुन्या महायुद्धात या मंत्र्याकडे आरमाराचं खातं होतं. त्याच्या सरकारी पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड मराठीत आणायचं काम संभाजीनगरच्या कुठल्याशा छोट्या संस्थेनं सरांना दिलं. अर्धी पत्रं कारखान्यात कुठलं जहाज कुठवर आलं याची, अर्धी कुठला देश आपल्याकडे ओढायचा आणि कुठला निदान काठावर बसवून ठेवायचा याची. पुढं ती संस्था बंद पडली. कळवायलाही कुणी आलं नाही. पण सरांचं म्हणणं असं, की संस्था बंद पडली म्हणून युद्ध थांबत नसतं.

माझं स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी सर हातात कागद घेऊन यायचे, काउंटरपलीकडे स्टुलावर बसायचे आणि आठवडाभरात मराठीत आलेली पत्रं मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण मोठा साडू, त्यात मास्तर. उठ म्हणायची सोय नाही. समुद्र तर त्यांनीही पाहिलेला नव्हता. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पालीचं बिंदुसरा धरण. तिथं त्यांचं लहानपण गेलं, आणि धाकट्या भावासोबत म्हशीच्या पाठीवर बसून ते पोहायला शिकले. जहाजाच्या एकेका भागाला मराठी शब्द मिळाल्याशिवाय मात्र ते पुढच्या ओळीला हात लावत नसत. भर गर्दीत ते विचारायचे, "अप्पा, चिलखती पत्रा किती सूत जाड असतो?" पाइपाचा एल्बो घ्यायला आलेला शेतकरी कान टवकारायचा. एकदा एकानं अदबीनं विचारलं, "सर, गोठ्याला चालंल का तो?" सर म्हणाले, "चालेल. पण शत्रूकडे तोफा आहेत का, ते आधी बघावं लागेल." तो माणूस विचारात पडला, आणि साधा पत्राही न घेता निघून गेला.

घरातही त्यांनी खातं सोडलं नव्हतं. बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, सकाळच्या भाजीचं विचारलं की ते म्हणायचे, "वांग्याबाबत आमची भूमिका पूर्वीच कळवली आहे." शेजारी धनगराचं घर. त्यांच्या शेळीनं एकदा अंगणात वाळत घातलेलं पुस्तक खाल्लं, तर सरांनी शेजाऱ्याला रीतसर निषेधाचा खलिता धाडला. एलची, खलिता, तहनामा असले निजामाच्या अमदानीतले शब्द त्यांच्या फार आवडीचे. तो बिचारा कागद घेऊन दारात उभा राहिला. "सर, शेळी हाय ती. तिला कसं समजावू?" सर म्हणाले, "समजावू नका. तुम्हाला कळवलं, आमचं काम झालं." आतून मेव्हणी ओरडली, "नळाला आठ-आठ दिवस पानी न्हाई, अन् ह्यांची जहाजं सोडायचं चाललंय! अप्पा, तुमी तरी कावून नादाला लागता ह्यांच्या?" मी नादाला लागलो नव्हतो, मी फक्त बसलो होतो. पण दमलेल्या माणसाला खुलासा करायचाही कंटाळा येतो.

एका पत्रापाशी मात्र सर फार दिवस अडकले. एका मित्रदेशानं लोकांकडून वर्गणी काढून दोन मोठी जहाजं या मंत्र्याच्या देशात बांधायला दिली होती. जहाजं तयार झाली आणि युद्ध पेटलं. मंत्र्यानं ती स्वतःच्याच आरमारासाठी ठेवून घेतली. त्यावर मित्रदेशाला एक गोड पत्र गेलं, की आम्हाला फार खेद वाटतो. सर या खेदावरून पुढं सरकेनात. दिलगिरी, अफसोस, हळहळ, सगळं लिहून खोडून झालं. "अप्पा, ह्याला खेद झालेलाच नाही. खरा शब्द वापरला तर मी खोटं बोलतो, आणि खोटा वापरला तर भाषांतर चुकतं." मी विचारलं, पुढं त्या देशाचं काय झालं? "जाऊन शत्रूला मिळाला. दोन जहाजं ठेवून घेतली आणि अख्खा देश घालवला."

त्या दिवशी मेव्हणी डबा घेऊन दुकानात आली होती. ती डबा आपटून म्हणाली, "अन् पत्रिकेतल्या एका नावापायी सख्खा भाऊ घालवला, ते कोन लिहिनार?"

ते प्रकरण असं. पालीला सरांचा धाकटा भाऊ शेती आणि म्हशी सांभाळतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि निमंत्रकांत सगळ्यात वर असायला हवं ते सरांचं नावच छापायचं राहिलं. भावाला चूक कळल्यावर त्यानं रात्र जागून एकेका पत्रिकेवर पेनानं नाव लिहिलं. त्यामुळे तर सर जास्तच भडकले. "बाकीचे सगळे छापील, आणि मी एकटा शाईचा काका?" ते लग्नाला गेले नाहीत. आहेर घेऊन एकटी मेव्हणी गेली. वर सरांची अट, की भावानं लेखी दिलगिरी द्यावी. तेव्हापासून मी त्या दोघांमधला एलची झालो. माल आणायला मी बीडला जातो आणि पाली वाटेतच लागतं. भाऊ म्हणायचा, "दादाला म्हनावं, चुकलं माजं. पर लेखी कावून? म्या काय तहसीलदार हाय का?" मी केजात येऊन सांगायचो. सर म्हणायचे, "तोंडी निरोपाची आम्ही नोंद घेऊ शकत नाही." स्वतः बीडला जायची वेळ आली तर सर एसटीत मुद्दाम पलीकडच्या खिडकीला बसत, म्हणजे गाव दिसायला नको. वर्षं गेली. त्या मुलीला मुलं झाली. मी निरोप नेऊन आणून कंटाळलो, पण माल तर आणावाच लागतो.

मग एका सकाळी भावाच्या बायकोचा फोन आला. भावाला अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. दुकान तसंच नोकरावर टाकून मी सरांकडे गेलो. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी पत्र देतो." ते टेबलाशी बसले. मी समोर बसलो. चहा आला, गार झाला, नेला. कागद फाटत होते. दुपार व्हायला आली तेव्हा मला राहवलं नाही. "सर, कुणासाठी लिहिताय? त्याला आता वाचता यायचं नाही. चला." मी त्यांच्याशी असा आवाज कधी चढवला नव्हता. ते मुकाट्यानं उठले. सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती, ती मेव्हणीनं दारात नीट केली.

प्रवासी जीपमध्ये ते शेवटचा एक कागद मांडीवर धरून बसले होते. पालीला भाऊ ओसरीत बाजेवर पडला होता. एवढा तगडा माणूस, एका बाजूनं विझल्यासारखा. सरांनी कागद उघडला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, "घडल्या प्रकाराबद्दल मला मनःपूर्वक..." आणि पुढचं काही त्यांच्या तोंडातून येईना. कागद खिशात घालून ते बाजेच्या कडेला टेकले. भावाचा मेलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"म्या लग्नाला यायला पायजे होतं रे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पालीची बोली मी पहिल्यांदा ऐकली. "पोरगी काय म्हनली आसंल?"

भावाच्या वाकड्या तोंडातून एक लांब, घोगरा आवाज निघाला. सरांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. भावाचं बोलणं आजवर त्यांच्यापर्यंत मीच पोचवलं होतं. मी म्हणालो, "मला नाही कळलं, सर."

चुलीपासून भावाची बायको पदराला हात पुसत आली. "जेवलाव का, इचारत्यात," ती म्हणाली. "बसा. भाकरी टाकलीच हाय."

सर जेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते जेवत होते. निघेपर्यंत भाऊ त्यांच्याकडे एकटक बघत होता.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागचं बाक मिळालं. सर मला हलकेच म्हणाले, "अप्पा, तो खरंच तेच म्हणाला असेल का हो? जेवलाव का, एवढंच?"

"ती रोज ऐकते त्याचं. तिला कळत असेल."

"हं." ते बाहेर बघत राहिले. "पण दुसरं काही म्हणाला असता, तरी तिनं मला हेच सांगितलं असतं."

मला फार थकल्यासारखं झालं होतं. मांजरसुंब्याचा घाट लागला तशी जीप हळू झाली, आणि सरांनी डोळे मिटून माझ्या खांद्यावर मान टाकली.