‘फ्लायटी’चा अर्थ काकांना सांगताना

आष्टीच्या बाजारात खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी बोलायचा क्लास आहे. तिथली पद्धत मला पहिल्यापासून खटकते. सर फळ्यावर एक विशेषण लिहितात, अर्थ सांगतात अन् वाक्य मागतात. वाक्यात वर्गातल्याच कुणाचं तरी नाव घालायचं. मग सगळ्यांनी ते तीनदा मोठ्यानं म्हणायचं. त्यानं शब्द पक्का होतो म्हणे.

माझी चुलत बहीण तिथं जाते. मागच्या आठवड्यात शब्द निघाला ‘फ्लायटी’. सरांनी अर्थ दिला: चंचल, उडाणटप्पू. पोरांच्या बाकावरून एकानं बहिणीचं नाव घालून वाक्य केलं. सर म्हणाले, करेक्ट. अन् अख्ख्या वर्गानं तिच्या नावासकट ते तीनदा म्हटलं. संध्याकाळी बसस्टँडवर पोरं तिला त्याच शब्दानं हाका मारत होती. काकांच्या कानावर जायला किती वेळ लागतो?

काकांनी मला बोलावून अर्थ विचारला. घरात इंग्रजी मलाच बरं येतं, अन् संघटनेची पत्रकं लिहिणारी ही पोरगी गुळमुळीत बोलणार नाही हे त्यांना माहीत. मी सरळ सांगितलं. या शब्दात उडणं आहे, पण पाखराचं कौतुक नाही. आज मन इथं, उद्या तिथं. भरवसा ठेवू नये अशी. अन् इंग्रजीतसुद्धा हा बहुतेक करून बाईलाच चिकटवतात.

“मंग उद्यापासून क्लास बंद,” काका म्हणाले. “लोक म्हणून राह्यले. कुणाकुणाचं तोंड धरावं?”

माझं डोकं भणाणलं. सरांविरुद्ध पत्रक काढते म्हणाले, मथळासुद्धा ऐकवला. बहीण माझ्यावरच उखडली. आष्टीत बोंब झाली तेवढी पुरे, तुझं पत्रक तालुक्याला परतूरपर्यंत जाईल, म्हणाली. मग बापाकडं वळली.

“आबा, दादाला तुम्ही रोज जेवताना उडाणटप्पू म्हणता. त्याचं काय बंद केलं?”

दादा, तिचा थोरला भाऊ, समोरच जेवत होता. त्यानं ताटातून मान वर काढली नाही. काका चपला घालून बाहेर गेले.

सकाळी त्यांनी दादाकडून मोटरसायकलची किल्ली घेतली अन् तिला स्वतः क्लासला सोडलं. सोडून परतले मात्र नाहीत. समोरच्या हॉटेलात चहा घेऊन क्लास सुटेपर्यंत बसले. मीही मागून गेले अन् वर जाऊन सरांना जाब विचारला, तर म्हणे वाक्य व्याकरणात बराबर बसत होतं. मग तुमचं नाव घालून म्हणू का, विचारलं. सरांनी फळा पुसायला घेतला.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. वर वर्ग मोठ्यानं म्हणायला लागला की खाली काका कपातून मान वर करतात. काकू म्हणतात, क्लास वाचला ना, आता तरी गप बस. मला बसवत नाही. पहारा बसला तो बहिणीवर. ते वाक्य करणारं पोरगं अजून एकटं येतं, एकटं जातं.