बरं झालेलं बोट

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला, मधल्या पेराशी, एक गाठ आहे. हरभऱ्याएवढी. या गाठीविषयी मी पन्नास वर्षं खोटं बोलत आले आहे. मुलाशी बोलले, डॉक्टरांशी बोलले, शाळेतल्या बायांशी बोलले. नवरा तर ते खोटं खरं मानूनच गेला. आज तुम्हाला सांगते आहे, कारण – कारण काय सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही.

बोटाची गोष्ट, म्हणजे तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे विणकर. वडील – आम्ही त्यांना नायना म्हणायचो – दुसऱ्याच्या मागावर चादरी विणायचे. अम्मा आणि आम्ही दोघी बहिणी घरात बिड्या वळायचो. मी थोरली, त्या वर्षी मॅट्रिकला होते. पद्मा धाकटी, आठवीला. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं. बिडी एका हातानं वळत नाही. उजव्या हातानं पान फिरवायचं, पण ते घट्ट धरून ठेवते डाव्या हाताची तर्जनी. ती गेली की काम थांबलं.

आणि नुसतं काम नाही. आमच्यात त्या काळी मुलगी बघायला आले की मुलाची आई सूप पुढं सरकवायची. वळून दाखव, म्हणायची. हात किती भरभर चालतो, बिडीचं तोंड किती घट्ट दुमडतं, ते बघायची. नाकडोळे त्यानंतर. त्यामुळे मुलीचं बोट म्हणजे काय, हे अम्माला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी याच्यावरच सगळा डाव मांडला.

त्र्याहत्तर साल. दिवाळी होऊन गेली होती. शाळेच्या मैदानावर आम्ही मुली थ्रोबॉल खेळत होतो. चेंडू अडवायला हात वर केला आणि तो थेट बोटाच्या टोकावर येऊन आदळला. डोळ्यांपुढं अंधारी आली. घरी येईपर्यंत बोट गाजराएवढं झालं होतं. गल्लीतल्या एका आत्यानं खोबरेल लावलं, बोट मुठीत धरलं आणि हिसडा देऊन ओढलं. दबलेलं बोट ओढून बसवायचं, ही आमच्याकडची पहिली रीत. मी अशी ओरडले की नायना धावत आले. सूज दुप्पट झाली.

नायनांनी मला तालमीतल्या वस्तादांकडे नेलं. ते पैलवानांची हाडं बसवायचे. त्यांनी बोट हातात घेतलं, पण ओढलं नाही. नुसतं चाचपलं. म्हणाले, "कुनी वडलं ह्याला? हाड जाग्यावर हाय, सांदा दबलाय. वडायचं न्हाय." कामटीचा तुकडा लावून बोट बांधलं, वर आंबेहळदीचा कोमट लेप लावायला सांगितलं. "आट दिस हालवू नगं. मग मातर रोज कोमट पान्यात धरायचं नि वाकवायचं. दुकलं तरी वाकवायचं. न्हायतर काटीवानी ऱ्हाईल, काय?"

आठ दिवस. तुम्हाला कसं सांगू ते आठ दिवस कसे होते? जन्मात पहिल्यांदा सकाळी माझ्या मांडीवर सूप नव्हतं. पुस्तक होतं. उजवा हात चांगला होता, लिहिता येत होतं. भूमितीची जी प्रमेयं मला वर्षभर डोक्यात शिरत नव्हती ती तिथं भिंतीला टेकून, निवांत, एकेक करून शिरायला लागली. मी हुशार नव्हते. हुशार पद्मा होती. मला वेळ लागायचा, आणि घरात वेळच तर – बघा, मी सबब सांगायला लागले. ते राहू द्या.

आठ दिवसांनी कामटी निघाली. वस्तादांनी दुखरं बोट शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधून दिलं. रोज कोमट पाण्यात वाकवत गेले. आधी जेमतेम वाकलं, मग अर्धं, आणि तिसरा आठवडा संपताना मूठ मिटली. तालीम शाळेच्या वाटेवरच होती, म्हणून त्या दिवशी मी एकटीच दाखवायला गेले. वस्तादांनी माझ्याकडून मूठ मिटवून घेतली, उघडवून घेतली. "झालं की. लाग कामाला," म्हणाले.

तिथून आमचं घर पाच मिनिटांवर. त्या पाच मिनिटांत काय झालं, ते मी पन्नास वर्षं आठवून बघते आहे. मोठा काही विचार केला नाही. वाटेत एका ओट्यावर थांबले, पट्टी सोडलेली होती ती पुन्हा बांधली. दातांनी गाठ मारली. बस, एवढंच. अम्मानं दारातच विचारलं, काय म्हणाले वस्ताद? आणि मी म्हणाले, "आता वाकवायचं नाही म्हणाले, रोज वाकवून सांधा पुन्हा दबलाय. आत्ता वाकवलं तर जन्मभर वाकडं राहील."

त्यांनी सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं.

अम्मानं माझं बोट हातात घेऊन बघितलं. वाकड्या बोटाची मुलगी तिला दिसली असणार – सूप पुढं सरकवलेलं, आणि मुलगी नुसती बसलेली. नायना दिवसभर मागावर असायचे, तालमीत जाऊन विचारणार नव्हते; मला वाटलं होतं, आणखी आठ-दहा दिवस मिळतील. पण अम्मा म्हणाली, मग पद्मा राहू दे घरी, तुझं बोट बरं होईस्तोवर. एकटीनं माझ्यानं काम उरकत नाही.

हे मी मागितलं नव्हतं. पण नको, असं म्हटलं का? तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी पट्टीकडे बघत उभी राहिले. पद्मानं दप्तर खुंटीला अडकवलं. "मी करते की, अक्का. तू अभ्यास कर," म्हणाली. खरंच, हसत म्हणाली. तिला वाटलं आठ दिवसांचा प्रश्न आहे.

आता लाजिरवाणं ते सांगते. याहून लाजिरवाणं काय, म्हणाल. आहे. रोज सकाळी पद्मा सहाणेवर आंबेहळद उगाळायची, पळीत कोमट करायची आणि माझ्या बोटाला लावायची. फुंकर घालून. मग तेच पिवळे हात धुऊन तंबाखूच्या सुपाशी बसायची, माझ्या जागेवर. आणि मी न्हाणीत जायची, पडदा ओढायची, लेप धुऊन टाकायची आणि कोमट पाण्यात बोट वीस वेळा वाकवायची. आखडू नये म्हणून. म्हणजे मला माझं बोट वाचवायचं होतं – वस्तादांनी सांगितलं तसं, अगदी नेमानं. मग पुन्हा पट्टी. रोज. चार महिने.

संक्रांतीच्या सुमारास पद्माच्या गणिताच्या बाई घरी आल्या. उंबऱ्यापाशीच बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, अशी मुलगी माझ्या वर्गात दुसरी नाही, तिला पाठवा, परीक्षा तरी देऊ दे. अम्मा काकुळतीला आली होती. तिला काही पद्माची शाळा तोडायची हौस नव्हती. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, थोरलीचं बोट गेलंय. मी काय करू?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी बोट वर केलं.

पट्टी बांधलेलं, पिवळं, चांगलं बरं झालेलं बोट. बाईंनी ते जवळून पाहिलं. विचारलं, "दुखतं का गं?" पद्मा सुपावरून मान वर करून बघत होती. त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. मूठ मिटली असती तर पद्मा दुसऱ्या दिवशी वर्गात असती. मी "हो" म्हणाले. खालच्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी खोटं नव्हतं, भीतीचं होतं. पण बाईंना ते दुखण्याचं वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

मॅट्रिकला मी पास झाले. गल्लीत पेढे वाटले. बोट मोडलेलं असताना पोरीनं अभ्यास केला, असं लोक कौतुकानं सांगायचे. परीक्षा संपल्यावर मी पट्टी काढली, बोट हळूहळू 'बरं' होऊ दिलं. त्यासाठीही बेत आखला होता, एकदम बरं झालं तर शंका येईल म्हणून. अम्मानं गावदेवीला नारळ फोडला. सांध्यावर ही गाठ तेवढी राहिली, पण ती कधी दुखली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. तेव्हा तरी? माझं बोट चालत होतं, मी सुपाशी बसू शकत होते, पद्माचं नाव पुन्हा घालता येत होतं. एक वर्ष गेलं असतं, एवढंच. पण मला शिक्षिकेच्या कोर्सला जायचं होतं. आणि पद्माचा हात तोवर असा बसला होता की अम्मापेक्षा भरभर वळायची. तिच्या शाळेचा विषय कुणी काढला नाही. तिनंही नाही. कोर्सचा फॉर्म भरायच्या दिवशी ती माझ्या वेणीला रिबीन बांधत होती. मी गप्प बसले. तोंडानं खोटं बोलले ते एक-दोनदा. हे गप्प बसणं मी रोज केलं.

पुढं मी तीस वर्षं शिकवलं. शाळेतून काढलेल्या मुलींच्या घरी जाऊन आईबापांशी भांडले. बाईंना पोरींची लई कळकळ, असं म्हणायचे. कित्येक मुली परत आणल्या, हे खरं आहे. पण त्यात पद्मा नव्हती. त्या पोरींचा आणि पद्माचा हिशेब मी मनात जुळवून बघितला आहे, तो जुळत नाही.

पद्मा सोळाव्या वर्षी सूप पुढं सरकवणाऱ्या एका घरात गेली. तिनं इतकं झरझर वळून दाखवलं की सासूनं जागच्या जागी होकार दिला. त्यानंतर चाळीस वर्षं ती वळत राहिली. आता तिच्या दोन्ही तर्जन्या टोकाशी वाकल्या आहेत. नातवाच्या शर्टाचं बटण तिला लावता येत नाही. वस्तादांनी सांगितलेलं वाकडं बोट – नाही, वस्तादांनी नाही, मी सांगितलेलं – ते तिच्या वाट्याला गेलं.

दर वर्षी थंडी पडली की ती रिक्षा करून माझ्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर येते. पिशवीत आंबेहळद असते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही. गेल्या आठवड्यात आली. सहाण माझ्याकडे आहे, तिच्यासाठीच ठेवलेली. खाली बसली, त्या वाकड्या बोटांत हळकुंड धरून उगाळायला लागली. धरवत नव्हतं, दोनदा निसटलं. मग पळीत कोमट करून माझ्यापुढं आली.

"थंडीत ठणकत असंल की, अक्का. दुकतंय का गं?"

"थोडं," म्हणाले मी, आणि बोट पुढं केलं.