अव्वाची गाणी, मामांचा ट्रक आणि एकच पेटी

सगळं चौरंगामुळं झालं.

सोलापुरात मी ज्या घरी राहतो तिथं चौरंग एकच आहे, आणि त्याच्यावर मी दोन वर्षांपासून एक कॉम्प्युटर ठेवला होता. खाली ठेवला की मुंग्या आत जातात, म्हणून. नवरात्राच्या आठवडाभर आधी घरमालकीण दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरा, माझा चौरंग."

तिला अख्खी गल्ली अव्वा म्हणते आणि तिच्या नवऱ्याला मामा म्हणते. हे नातं कसं बसतं ते मी कधी विचारलं नाही. मी एकूणच कमी विचारतो. माझं गाव भंडाऱ्याच्या पलीकडं, तलावांच्या मुलखात. नववीत शाळा सोडली. सीसीटीव्ही बसवायच्या कामावर इथं आलो आणि खोली बघायला गेलो, तेव्हा अव्वानं माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "भाकरी खातोस की भात?" एवढंच विचारलं. भात म्हटलं तर खोली हातची जाईल असं का कोण जाणे वाटलं, म्हणून मी भाकरी म्हटलं. धानाच्या देशातला माणूस चार वर्षं भाकरी खातोय. उपकार एवढे आहेत की आता सांगायचं कसं.

तर चौरंगावरचा कॉम्प्युटर अव्वाचा. म्हणजे मीच मोडीत निघालेले भाग जोडून केलेला, पण मालकी तिची. असल्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. तो रात्रंदिवस चालू राहतो, आणि घरातल्या कुणीही फोनवरून त्यातलं काहीही बघावं. त्यात लग्नांचे व्हिडिओ, नातवंडांचे फोटो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अव्वाच्या आईच्या आवाजातली बतकम्माची गाणी. नवरात्रात इथल्या तेलुगू बायका ताटात फुलांची उतरंड रचतात, ती चौरंगावर मांडतात आणि तिच्याभोवती फेर धरून गातात. आमच्या गल्लीत अष्टमीला हा फेर अव्वाच्या आईच्या आवाजावर चालतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण ताल तिचाच.

दुसरा कॉम्प्युटर मामांचा, गेम खेळायचा. मामांनी चाळीस वर्षं माग चालवले, टॉवेल विणले. माग विकले त्या वर्षी ते रिकाम्या शेडकडं तोंड करून दिवसभर खुर्चीत बसायचे. कुणी बोललं तर "हां" म्हणायचे. जावयानं स्वतःचा जुना गेमिंग कॉम्प्युटर आणून दिला, मी त्यात ट्रक चालवायचा गेम घातला. दुसऱ्या दिवसापासून मामा दाढी करायला लागले. सकाळी आठची पाळी धरतात, बाराला जेवायला उठतात. पडद्याला लिंबू-मिरची बांधलीय. ट्रक परदेशातल्या बर्फातनं चाललेला असला तरी म्हणणार, "हे टेंभुर्णीच्या पुढचं वळण बघ की, सेम हाय."

दारात उभ्या अव्वानं शेडमध्ये नजर फिरवली; दोन्ही कॉम्प्युटर तिथंच. चौरंग मोकळा झाल्यावर तिच्या कॉम्प्युटरची पेटी ठेवायला जागा नव्हती. टेबलावर मामांची पेटी. "दोनातली एक जाईल," ती म्हणाली. "आणि माझी तर जाणार न्हाय."

मामांनी लिंबाकडं पाहिलं. "हां" सुद्धा म्हणाले नाहीत.

ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, "अव्वा, दोन्ही एकाच पेटीत बसवतो. येतं मला."

येत नव्हतं. व्हिडिओ बघितले होते.

म्हटलं, एका घराला मधे पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहतात तसं. लोखंड एकच, पण आत दोन कॉम्प्युटर. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत.

"संडास एकच का?" अव्वानं विचारलं.

"हां, म्हणजे... वीज एकच."

"मग भांडणं हुणार," ती म्हणाली.

रविवारी मी अव्वाच्या पेटीतल्या डिस्का काढून मामांच्या पेटीत बसवल्या. त्याआधी गाणी तीन पेनड्राईव्हवर उतरवून घेतली आणि एक मोज्यात ठेवला. मग सगळ्याच्या तळाला ते वाटण्या करणारं सॉफ्टवेअर घातलं. गाणी-फोटो इकडं, ट्रक तिकडं, आणि चित्र काढणारं महागडं कार्ड पूर्णपणे ट्रकच्या नावावर. बटण दाबलं. दोन ओळी आल्या आणि पडदा काळाठिक्कर. पाच मिनिटं काळाच.

मी खोलीत जाऊन बॅग भरली. खरंच भरली. टॉवेल, चार्जर, मामांनी दिलेली चादर; मग चादर आपली नाही असं वाटून परत काढली. बॅग घेऊन अंगणात आलो तर अव्वा फुलं निवडत होती.

"गावाला निघालास?"

"न्हाय... म्हणजे..."

"येताना दूध आण."

दूध घेऊन आलो तर शेडमधून हॉर्न ऐकू आला. कार्ड ट्रकच्या नावावर गेलं की माझ्या बाजूचा पडदा काळा होणारच, आणि ट्रकचा उजेड पडायला पहिल्यांदा वेळ लागतो, हे त्या व्हिडिओत पुढं सांगितलं असणार. मी तिथवर बघितला नव्हता. स्वयंपाकघरात अव्वाच्या फोनवर तिची आई गात होती. एका पेटीतून दोघं. मी दूध तिथंच पायरीवर ठेवलं, ते मांजरानं प्यायलं.

बारा वाजता गाणं मधेच तुटलं. धावत शेडमध्ये गेलो. मामा जेवायला उठले होते आणि उठताना भिंतीवरचं मेन बटण बंद करून गेले होते.

पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांनी गाणं पहिल्यापासून सुरू झालं. संध्याकाळी मामा उठले, खट्. दुसऱ्या दिवशी बाराला, खट्. मी समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली, उठले, खट्. त्यांचा दोष नव्हता. मागावरून उठणारा माणूस चालू माग सोडून उठत नाही. त्यांच्या शेजारच्या मागावर एकाची बाही अडकलेली त्यांनी पाहिली होती. त्यांचा हात त्यांना न विचारता बटणाकडं जायचा.

बटणावर चिकटपट्टी लावली. "कुणी चिकटवलं बे हे, आग लागली तर?" म्हणून त्यांनीच काढली. मग लांब वायर टाकून प्लग पलंगामागं नेला. मामा वायर धरून हळूहळू पलंगापर्यंत गेले, वाकले, खट्.

अव्वा रागावली की आधी तेलुगूत बोलते. मला त्यातलं फक्त "ट्रक" कळलं. मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, "अष्टमीला गाणं एकदा जरी मधे तुटलं, फेर मोडला, तर दसऱ्याला तो ट्रक जावयाकडं परत. सांगून ठेवते."

मामा पाटावर बसून भाकरी मोडत होते. मोडतच राहिले.

गाणी पेनड्राईव्हवर होतीच, पण फेराला लावायच्या तिच्या स्पीकरला ते घालायला भोकच नव्हतं. आणि प्रश्न गाण्यांचा नव्हताच. मामा पुन्हा त्या खुर्चीत बसलेले मला दिसायला लागले, तेही मी "येतं मला" म्हटल्यामुळं.

सप्तमीला शेडच्या भंगारात मला एक बटण सापडलं. विकलेल्या मागाचं, लोखंडी डबी, एक हिरवं आणि एक लाल. ते घासलं, तेल दिलं, टेबलाच्या उजव्या पायाला गुडघ्याच्या उंचीवर ठोकलं, मागाला असायचं तसं. त्यातून फक्त पडद्याची वायर नेली. लाल दाबलं की पडदा काळा. पेटी चालूच. मामांना म्हटलं, "नवीन मेन बसवलाय."

मामांनी हिरवं दाबलं, लाल दाबलं, हिरवं दाबलं. "आवाज बरा हाय," म्हणाले.

अष्टमीला अंगणात चौरंगावर अव्वाची बतकम्मा चढली. पिवळी-केशरी, माझ्या छातीपर्यंत. बायका जमल्या, गाणं लागलं, टाळ्यांचा फेर सुरू झाला. मी शेडच्या दारात उभा. एक डोळा अंगणात, एक मामांवर. ट्रक मुक्कामाला पोचत आला होता. मी मनातल्या मनात त्यांच्यापुढं लाल सिग्नल लावत होतो. पण ते पोचले. गाडी उलटी घेऊन लावली, हात झटकले आणि उठले.

हात खाली गेला. खट्. पडदा काळा.

गाणं चालू राहिलं.

मग मामा वळले आणि त्यांचा हात भिंतीकडं गेला. खऱ्या बटणाकडं. हात बटणाच्या वरून पुढं गेला आणि खिळ्यावरची टोपी घेतली. टोपी घालून ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. फेराची दोन वळणं बघितली.

"तुझ्या बटणानं नुसता पडदाच जातो," ते हळूच म्हणाले. "पेटी चालूच ऱ्हाते."

मी त्यांच्याकडं बघितलं. "कधी कळलं?"

"काल. पंखा वाजतोय की आत. वीस मागांत कुठला माग थांबला ते मला पाठ फिरवून सांगता यायचं बे."

"मग बोलला न्हाई?"

"कशाला बोलायचं. हाताला काहीतरी दाबायला लागतं. तू दिलंस." मग टोपी नीट करत म्हणाले, "आणि भात करायला सांगितलाय आज तुझ्या अव्वाला. भात असला की तू ताट पुसून खातोस, भाकरीला पाणी पितोस. ते बी ऐकू येतं."

अंगणात अव्वाच्या आईनं पुढचं कडवं उचललं. मी शेडमध्ये जाऊन उगाचच एकदा हिरवं दाबलं, एकदा लाल.