सात भावंडांची कामं, नट एक

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुज म्हणत. तो प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेले शब्द पुरवणारा. रंगमंचावर तो उभ्या हयातीत कधी आला नाही. टाळ्या घेतल्या मी, पण खरं सांगतो, त्यांतल्या निम्म्या त्याच्या होत्या. त्याची एक रीत होती: नट अडला की लगेच बोलायचं नाही, आधी त्याचा श्वास ऐकायचा. आणि द्यायचा तो फक्त पहिला शब्द.

आता तो बहात्तर वर्षांचा आहे आणि त्याचे वडील सत्त्याण्णवचे. "या वयात लोक आजोबा होतात, मी अजून मुलगाच!" असं म्हणून हसतो. वडिलांना सात भावंडं होती, सगळी गेली. त्याला एक बहीण होती, तीही गेली. त्याची एकुलती एक मुलगी लांब असते, तिला मूलबाळ नकोय.

"घर नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलं बघ," तो एकदा म्हणाला.

वडील आता त्याला ओळखत नाहीत. कधी दादा म्हणतात, कधी ताई. हा चूक दाखवत नाही. दादा झाला की घोगरं बोलतो, ताई झाला की डोक्यावर टॉवेल घेतो.

"कंपनीनं मला साधं भालदाराचं काम दिलं नाही, आणि घरात बघ, सातही भूमिका माझ्याच!"

पण त्याला हवी होती एकच हाक. लहानपणी वडील त्याला ठोंब्या म्हणत. "तसं म्हणणारं जगात एकच तोंड उरलंय रे. ते मिटलं की मी कुणाचाच लहान नाही."

परवा दुपारी मी त्याच्याकडे गेलो. खिडकीशी खाट, पायथ्याशी चादरींच्या घड्या. तो वडिलांना चमच्यानं दूध पाजत होता.

"दादा, आई रागावली का रे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही रे. तू दूध पी."

"तू नेहमी तिचीच बाजू घेतोस. लबाड कुठला!"

दोन घोट पोटात गेले. मग म्हाताऱ्यानं दाराकडे मान वळवली. "आणि आपला ठोंब्या कुठाय? शाळा कधीच सुटली की!"

चमचा हवेतच राहिला. मी कुजबुजचा श्वास ऐकला. तो अडला होता. जन्मभर दुसऱ्यांना शब्द देणारा माणूस, आणि स्वतःच्या प्रवेशाला अडला होता! मी खुर्चीतून पुढे वाकलो आणि त्याच्याच रीतीनं हळूच पहिला शब्द दिला, "बाबा..."

त्याचे ओठ हलले. आवाज काही फुटेना.

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाला, "रडतोस काय दादा? येईल तो. जातोय कुठं? तू जेवून घे."

"बरं," कुजबुज घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि त्यानं चमचा पुन्हा वाटीत बुडवला.